हुमुस

"अजून वीतभर लांब ठेव," आय म्हणाली. "त्याची मांडी लांब होती."

मी शिलाई मशीनवर बसले होते आणि ती पलंगावर उशीला टेकून माझ्या हाताकडे बघत होती. कापड तिच्या लग्नातल्या लाल लुगड्याचं होतं. ते कापताना माझा हात अडखळला, तर म्हणाली, "काप गं. मी काय पुन्हा लग्न करणाराय?" डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगून आठवडा झाला होता. घरी न्या म्हणजे काय, हे तिला आमच्याआधी कळलं होतं.

पिशवी आम्ही शिवत होतो ती माझ्या धाकट्या भावाच्या, बावतीसच्या, हाडांसाठी.

बाहेरच्या माणसाच्या अंगावर काटा येईल, पण आमच्या सांडोळ गावात यात नवल वाटण्यासारखं काही नाही. चर्चच्या मागची दफनभूमी एवढीशी. एका अंगाला केळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला खाडी, जागा वाढणार कुठून? म्हणून एका घराला एक कबर. आधीचं माणूस माती झालं की तीच उघडायची, उरलेली हाडं धुऊन घरच्या बायकांनी शिवलेल्या पिशवीत भरायची आणि नव्या माणसाच्या कुशीत ठेवून द्यायची. आमचे वडील आजीची पिशवी कुशीत घेऊन गेले. आता आयला बावतीसला घेऊन जायचं होतं.

एरवी कबर उघडतात ती माणूस गेल्यावर, त्याच सकाळी. आयचा हट्ट वेगळा होता. तिला पिशवी जिवंतपणी मांडीवर हवी होती.

"तेव्हा तोंड बघू दिलं नाय," ती म्हणायची. "आता हाडं तरी बघीन. हातात घेईन. मग मी मोकळी."

माझा दुसरा भाऊ इनास, म्हणजे फादर इनास, त्याला हे पटत नव्हतं. पण आयसमोर त्याचं कधी काही चाललं नाही. फक्त एकदा चाललं होतं. ते पुढे येईलच.

इनास माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. सेमिनरीत लॅटिन शिकवायचा. रोमला जाऊन शिकून आलेला, सात-आठ भाषा येणारा. आमच्या आळीत त्याचा केवढा मान! आयसुद्धा त्याला 'फादर'च म्हणायची, आणि चारचौघांत तर असं, की पलीकडच्या वाडीत ऐकू जावं. मी मात्र प्राथमिक शाळेतली मास्तरीण. मला त्याची विद्वत्ता कधी पचली नाही. घरी आला की तो कशावरूनही एका शब्दावर यायचा. बारसं असो, लग्न असो, कुणाच्या पोराचा बारावीचा निकाल असो, गाडी शेवटी तिथेच.

"लॅटिनमध्ये मातीला हुमुस म्हणतात," इथून सुरुवात. "त्याच कुळातला होमो, म्हणजे माणूस. लॅटिन बोलणाऱ्यांनी स्वतःला नावच मातीचं ठेवलं! त्यातूनच हुमिलिस, म्हणजे जमिनीलगतचा, नम्र. इंग्रजांचा ह्यूमन तिथलाच. रशियन लोक झेम्ल्या म्हणतात. फारसीत जमीन, ती आपण मराठीत आणली आणि सातबाऱ्यावर चढवली. ग्रीकांचा शब्द वेगळा दिसतो, पण रक्त तेच. आणि गंमत बघा, संस्कृतात पृथ्वीला क्षमा म्हणतात. पंडितांच्या मते तीही याच घरची लेक."

"झालं का फिरून जग?" मी विचारायची. "आता जेव."

आयला यातलं फक्त पहिलं लक्षात राहिलं, पण ते असं राहिलं की विचारू नका. वाडीच्या कोपऱ्यात तिचा खताचा खड्डा होता. केळीचे गाभे, पालापाचोळा, शेण, मासळी धुतलेलं पाणी, सगळं त्यात. त्या खड्ड्याचं नाव तिने हुमुस ठेवलं. "रेजी, तो पाला हुमुसात टाक." "शेजारणीला दोन पाट्या हुमुस दे गं." हळूहळू सगळी आळी हुमुस म्हणायला लागली. एकदा कृषी खात्याचा साहेब आला, बायकांच्या तोंडून हा शब्द ऐकून चाट पडला. आयने त्याला सांगितलं, "आमच्या फादरचा शब्द आहे." जसा काही इनासने तो शब्द घरी विणला होता.

बावतीस कुवेतला वेल्डर होता. परांचीवरून पडून गेला. सव्वीस वर्षांचा.

त्याला आणलं तो दिवस मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. विमानतळावरून टेम्पो आला, त्यात पॉलिश केलेली मोठी पेटी. उचलायला दहा माणसं लागली. आमच्यात भाच्यासाठी पेटी आणतो तो मामा. मार्तिनमामाने रात्रभर जागून आंब्याच्या लाकडाची साधी पेटी केली होती, ती ओटीवर मांडून ठेवलेली. ती बघून आय जरा शांत झाली होती. मामाने घेतलेलं लाकूड तिच्याच वाडीतलं होतं.

मामाने टेम्पोतल्या पेटीवर बोटाने टकटक केलं आणि इनासला विहिरीकडे बाजूला घेतलं. मी तिथे घागर भरत होते.

"आत पत्रा आहे. डाग देऊन बंद केलाय सगळीकडून," मामा म्हणाला. "मी कापतो. पोराला आपल्या पेटीत घेऊ."

"नको, मामा," इनास म्हणाला. "किती दिवस झालेत. उंचावरून पडलाय. पेटी उघडली की आय आत डोकावणार, तिला कोण अडवणार? तिला तिचा बावतीस होता तसा लक्षात राहू दे."

"अरे, पण पत्र्यात..."

"आपली माती खारी आहे. लोखंड खाते, पत्र्याचं काय घेऊन बसलात!"

मामाने मान खाली घातली. फादरपुढे काय बोलणार? दोघं परत आले तेव्हा आय पेटीवर दोन्ही हात आपटत होती. "उघडा! मला तोंड बघू द्या त्याचं!" पेटीवर इंग्रजीत छापलेला एक कागद चिकटवला होता. इनासने त्याच्यावर बोट ठेवलं.

"आय, सरकारचा हुकूम आहे. उघडता येत नाही."

सरकार म्हटल्यावर ती गप्प झाली. हुकुमापुढे रडता येतं, भांडता येत नाही.

पेटी खांद्यावर घेताना तो कागद सुटून माझ्या पदराला चिकटला. मला तो दिसला संध्याकाळी, सगळं उरकल्यावर. त्यावर विमानाचा नंबर होता आणि वजन होतं. बाकी काही नाही. मी इनासला गाठून कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"हा तुझा हुकूम?"

"हो," तो म्हणाला. "माझं पाप. मी बघून घेईन."

आंब्याची पेटी माळ्यावर गेली. "माझी म्हणून ठेवा," आय म्हणाली. मधल्या तेरा वर्षांत ती तिच्यात केळी पिकवायची, ऊब चांगली धरते म्हणून. दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की बावतीसच्या कबरीवर टोपलीभर खत नेऊन घालायची. तिथे तिने मोगरा लावला होता. कुणी विचारलं, कुठे चाललात, तर सांगायची, "बावतीसला हुमुस घालून येते." यात काही वेडेपणा आहे असं कुणाला वाटलं नाही. तिच्या हाताखाली तीस वर्षं केळी वाढल्या होत्या. कुजून मऊ झालेल्या मातीत काही मरत नाही, असं तिचं गणित होतं. मुलगा तिथेच होता, फक्त आता दिसत नव्हता.

तर पिशवी शिवून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. मी, इनास आणि खोदायला पेद्रू. पेद्रू आमच्याच आळीतला, बावतीसच्या वर्गातला. त्याने मोगरा मुळासकट काढून बाजूला ठेवला आणि फावडं घातलं.

वरची माती काळीभोर होती, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. आजूबाजूच्या कबरींची माती बघा तर पांढरट, खारवलेली. इनास वाकला, त्याने मूठभर उचलून हुंगली आणि कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

"बघ, रेजी. याला म्हणतात हुमुस. आयने काय करून ठेवलंय!"

"काय करून ठेवलंय ते तिला जाऊन सांग," मी म्हणाले. मलाही बरं वाटलं होतं.

वडिलांच्या हाडांची पिशवी बावतीसच्या उशाला ठेवली होती. तिचं नावनिशाणही उरलं नव्हतं. पेद्रू म्हणाला, "चांगलं खाल्लंय मातीने." तो आणखी खाली गेला. पॉलिशच्या लाकडाचे भिजके तुकडे निघाले, ते हातात घेतले की गळून पडत होते. मग फावडं टण्णकन वाजलं.

पेद्रूने हातांनी माती सारली. करड्या रंगाचा पत्रा. वर पांढरी बुरशी धरल्यासारखं काहीतरी, पण पत्रा अख्खा. कडेने दिलेला डाग जसाच्या तसा. पेद्रूने त्याच्यावर मूठ आपटली आणि वर बघितलं.

"पोकळ नाय वाजत, फादर. आत आहे तो."

इनास खड्ड्याच्या काठावर बसला. झगा मातीत, पाय आत सोडलेले.

"काप," मी म्हणाले. "कोपरा काप."

"नको," इनास म्हणाला.

"काप, पेद्रू!"

पेद्रूने छिन्नी मारून बोटभर फट पाडली. आतून वास आला तो मातीचा नव्हता, कुजल्याचाही नव्हता. दवाखान्यातल्या औषधाचा होता, उग्र, डोळ्यांत जाणारा. पेद्रूने फटीला डोळा लावला आणि लगेच काढला. खिशातला रुमाल तिच्यात कोंबला.

"माती लागलीच नाय ह्याला," तो म्हणाला. "आला तसाच आहे हा. अजून आलाच नाय घरी."

मी म्हणाले, काढूया बाहेर, माळ्यावरची पेटी आणूया. पेद्रूने मान हलवली. हाडं असती तर चर्चची परवानगी पुरली असती. अख्खं माणूस निघालं की पोलीस, सरकारी डॉक्टर, वरून हुकूम. खरा हुकूम. त्यात महिना जाणार, आणि आयकडे महिना नव्हता. त्याच्यावर तिला ठेवावं तर तेवढी खोली नाही आणि पत्र्याच्या बाजूने खणलं की खाडीचं पाणी लागतं. पेद्रू हे सगळं सांगत होता तोवर इनासने ओंजळीने माती परत आत लोटायला सुरुवात केली होती. फावडं पडलेलं होतं, त्याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

घरी आय तयार होऊन बसली होती. शेजारणीकडून अंग पुसून घेतलं होतं, केस विंचरून घेतले होते, मांडीवर पांढरा टॉवेल पसरला होता.

"आणलंस, फादर?"

इनासच्या हातात रिकामी पिशवी होती. वाटेत मी त्याला बजावलं होतं, आता खोटं बोललास तर मी तिथल्या तिथे सांगेन. पण बजावायची गरज नव्हती. त्याचा खोटं बोलायचा जोरच संपला होता.

"तो झाला नाही, आय."

"काय नाय झाला?"

"माती."

"तेरा वर्षांत?" ती चक्क हसली. "माझ्या हुमुसात म्हशीचं शिंग विरघळतं. नीट खणलं नसेल त्या पेद्रूने."

मग इनासने सांगितलं. पत्रा, डाग, मामा काय म्हणाला ते, आपण काय म्हणालो ते. सगळं उभ्याने, शाळेतल्या मुलासारखं. आय ऐकत होती आणि तिची बोटं मांडीवरच्या टॉवेलची घडी घालत होती, मोडत होती.

"म्हणजे मी इतकी वर्षं पत्र्याला हुमुस घालत होते?"

मग तिच्या तोंडावर जे आलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. ती खुलली. आठवड्यात पहिल्यांदा पाठ सरळ करून बसली.

"म्हणजे तो अजून तसाच आहे? मग मला न्या! खुर्चीत घालून न्या. तोंड बघते त्याचं. तेव्हा सरकारचा हुकूम होता, आता तर तुम्ही उघडलंत ना?"

"आय," इनास म्हणाला, "तेव्हाही हुकूम नव्हता."

तिच्या हातातली टॉवेलची घडी सुटली.

"आणि आताही तुला बघता येणार नाही. तेरा वर्षं झालीत. ते तोंड... तू नको बघूस."

"म्हणजे पुन्हा नाय."

"नाही, आय."

"इनास." तिने त्याला नावाने हाक मारली. धर्मगुरू झाल्यापासून पहिल्यांदा. "जगभरच्या भाषांत माती शोधत फिरलास तू. आपल्या भावाला मूठभर दिली नायस."

तो पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. त्याने तिचे पाय धरले आणि मोठ्या माणसाने रडू नये असा रडला.

"मला क्षमा कर, आय. एकदा म्हण. क्षमा केली म्हण."

आयने पाय ओढून घेतले. तेवढी ताकद तिच्यात कुठून आली देव जाणे. ती भिंतीकडे वळली आणि मला म्हणाली, "रेजी, कातर दे."

मला वाटलं, काय करतेय ही! पण तिने पिशवी घेतली आणि टाके उसवायला लागली. दिवसभर उसवत होती. थांबायची, पुन्हा एक टाका. मी मदतीला हात पुढे केला तर तो झिडकारला. संध्याकाळपर्यंत पिशवीचं पुन्हा लुगड्याचं फडकं झालं.

दुसऱ्या दिवशी इनास तिला, मरणाच्या दारातल्या माणसाला लावतात ते, शेवटचं तेल लावायला आला. गळ्यात पट्टा, हातात तेलाची कुपी. तिने चादर कपाळावरून ओढून घेतली. प्रसाद पुढे केला तर ओठ मिटले. मी कानाशी जाऊन म्हणाले, "आय, पोरगा आहे तुझा. असं नको गं करू." चादरीच्या आतून आवाज आला, "दुसरे फादर बोलवा." शेवटी आमच्या चर्चचे तरुण फादर आले. त्यांच्याकडून तिने सगळं घेतलं, शहाण्यासारखं. त्याच रात्री गेली.

आंब्याच्या पेटीतून पिकलेल्या केळ्यांचा वास येत होता. तिला तिच्यात ठेवलं, चेहऱ्यावर ते लाल फडकं पांघरलं. कबर मिळाली खाडीकडच्या रांगेत. ती रांग कुणाच्या घरची नसते. तिथे काही वर्षांनी जागा रिकामी करून द्यावी लागते. दोघांच्या मध्ये अख्खी दफनभूमी. तू माती आहेस, मातीतच परत जाशील, ही वाक्यं तरुण फादर बोलले. इनास मागे, माणसांच्या पाठी उभा होता. मूठभर माती टाकायची त्याची पाळी आली तेव्हा तो पुढे आला, वाकला, मूठ भरली आणि तशीच धरून उभा राहिला. लोक खोळंबले. मी त्याचा हात धरून खाली केला आणि बोटं सोडवली.

पुढे त्याने लॅटिन सोडलं. बदली मागून घेऊन डोंगरातल्या एका लहान चर्चमध्ये गेला. बारशाला बोलावलं की यायचा, जेवायचा, जायचा. हुमुसची गोष्ट त्याने पुन्हा कुणाला सांगितली नाही. आळीतल्या बायका अजून खड्ड्याला हुमुस म्हणायच्या. तो शब्द कानावर पडला की तो घरात निघून जायचा. पत्र्याचं काय, म्हणून मी एकदा विचारलं होतं. परवानगी काढू, त्याला बाहेर काढू. "आता कुणासाठी?" तो म्हणाला. मीही पुन्हा विषय काढला नाही.

मग एके वर्षी चर्चमधून निरोप आला, खाडीकडची रांग रिकामी करायची आहे. मी पिशवी शिवायला बसले. या वेळी वीतभर कमी. आयची मांडी आखूड होती.

पेद्रूचे केस पांढरे झाले होते. त्याला फार खणावं लागलं नाही. आंब्याचं लाकूड गेलं होतं, लुगड्याचा एक धागाही नव्हता. तिची थोडी हाडं निघाली, हलकी, ठिसूळ, बोटं जरा जोरात दाबली की पीठ. बाकी सगळी माती. तिथल्या त्या पांढरट खाऱ्या मातीत तेवढाच एक काळा पट्टा होता, माणसाएवढा.

"मावशी सगळी मिसळली," पेद्रू म्हणाला.

इनासने हाडं स्वतः धुतली, स्वतः भरली. वर त्या काळ्या मातीच्या दोन ओंजळी घातल्या. पिशवी छातीशी धरून तो सगळी दफनभूमी ओलांडून बावतीसच्या कबरीपाशी गेला. मोगरा माजला होता. पेद्रू फावडं घेऊन आला, त्याला त्याने परत पाठवलं. हातांनी उकरलं, कोपरापर्यंत, नखं फुटेस्तोवर. पिशवी ठेवली, माती लोटली आणि तळव्याने थापत बसला. आय केळीचं रोप लावल्यावर बुंध्याशी थापायची तसं.

मग त्याने मान वर केली. साठी उलटलेला माझा भाऊ, सात भाषा येणारा.

"पोचेल का गं, रेजी?"

त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. ते द्यायला एक शब्द पुरला असता. पण खाली काय आहे ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "खाली पत्रा आहे."